गडद पानांची झाडं दिवाळीत उपटू नका

मा. संपादक,

स. न. वि. वि.

पाऊस ओसरला की दिवाळीच्या साफसफाईत सोसायट्यांच्या, शाळांच्या आणि बंगल्यांच्या बागाही येतात. लाल माठ, लाल राजगिरा, कृष्ण तुळस, कोंबडा ही झाडं तोवर वाढून विस्कटलेली असतात. खालची पानं गळालेली, तुरे वाकलेले. माळी ती मुळासकट उपटतात, वाफे खणून सपाट करतात आणि रिकाम्या जागी नर्सरीतल्या पिशव्यांची रोपं लागतात. पण ज्या आठवड्यांत ही उपटाउपट चालते, त्याच आठवड्यांत या झाडांच्या तुऱ्यांत बी भरत असतं. ते जमिनीवर पडू दिलं, तर पुढच्या जूनमध्ये तीच झाडं एक पैसा न घालता, त्यांना मानवलेल्या जागी आणि खोल गेलेल्या मुळांवर उभी राहतात. ती डिसेंबरअखेरपर्यंत राहू द्यावीत ही विनंती करण्यासाठी, आणि ती कशी सांभाळायची हे नीट सांगण्यासाठी हे पत्र.

नैसर्गिक वळणाच्या बागेत झाडं रांगेत लावली जात नाहीत. ती आपसूक उगवतात आणि माळ्याचं मुख्य काम नको ती काढण्याचं असतं. पाचशे रोपं उगवली तर त्यातली तीस ठेवायची. अडचण इथेच येते. जूनच्या पहिल्या सरींनंतर वाफ्यात हिरवा गालिचा उठतो. त्यात आपलं रोप कोणतं आणि गाजरगवत, केना, दुधी अशी तणं कोणती हे ओळखायला सराव लागतो. तो नसला की सगळंच खुरपलं जातं. पान गडद असेल तर हा प्रश्न बराचसा मिटतो. लाल-जांभळं रोप हिरव्या तणात चार पावलांवरून दिसतं आणि कालच कामाला लागलेला माळीसुद्धा ‘लाल ठेवा, हिरवं काढा’ एवढ्या सूचनेवर वाफा साफ करू शकतो. गडद पान शोभतं हे सगळेच जाणतात. आपसूक उगवणाऱ्या बागेत त्याचा खरा उपयोग या ओळखीसाठी आहे.

मात्र ही निवड फार लवकर करू नये. माठाच्या जवळजवळ सगळ्या जातींची बीजदलं, म्हणजे बी फुटल्यावर येणारी पहिली दोन पानं, खालून गुलाबी आणि देठ तांबूस असतो, अगदी काटेमाठाचा आणि तांदुळज्याचाही. दोन पानांवर असताना सगळे सारखेच दिसतात. खऱ्या पानांची संख्या चार झाली की वरून बघायचं. पानाची वरची बाजू लाल असेल तर ते आपलं, फक्त खालची लाल असेल तर ते तण. तुळशीचं उलट. कृष्ण तुळशीची बीजदलं हिरवी निघतात आणि जांभळी झाक दुसऱ्या-तिसऱ्या पानांच्या जोडीला येते, सावलीत आणखी उशिरा. तिथे रंगाची वाट न बघता पान चुरगळून वास घ्यावा. तांबड्या एरंडाचं मात्र पहिल्या दिवसापासून ओळखू येतं, कारण जमिनीतून वर येणारा देठच लालभडक असतो.

वाफ्याची तयारी मे महिन्यात. खोल खणू नये, हे पहिलं. माठ, राजगिरा, कोंबडा, तुळस यांचं बी अतिशय बारीक असतं आणि त्याला उगवायला उजेड मदत करतो. कुदळीनं खणलं की ते वीत-वीतभर खाली जातं आणि तिथेच निपचित पडून राहतं. उलट खाली गाडलं गेलेलं जुनं तण वर येतं. वळवाचा पाऊस झाला किंवा एकदा पाणी दिलं की आठ-दहा दिवसांत तणाची पहिली लाट उगवते. ती खुरप्यानं वरवर, दोन सेंमीपेक्षा खोल न जाता कापून तिथेच वाळू द्यावी. मग दर चौरस मीटरला साधारण एक किलो कुजलेलं कंपोस्ट पसरावं. त्याहून जास्त नको, आणि युरिया तर मुळीच नको. जास्त नत्र मिळालं की पानं मोठी, लुसलुशीत आणि हिरवट होतात, देठ पोकळ राहतो आणि ऑगस्टच्या वाऱ्यात झाड आडवं होतं.

देशावरच्या काळ्या मातीत आणखी दोन अडचणी आहेत. पावसाच्या माऱ्यानं तिची खपली धरते आणि बारीक बियांचे कोंब खपलीखाली मरतात. शिवाय काळ्या मातीवर काळपट पान दिसतच नाही, मग रंगासाठी केलेली सगळी खटपट वाया जाते. दोन्हींवर एकच उपाय आहे. वाफ्यावर फिकट रंगाचा बारीक मुरूम किंवा अर्ध्या इंचाच्या आतली खडी दोन-तीन सेंमी जाडीनं पसरावी. बी खडीच्या फटींत उतरतं, ओल टिकते, खपली धरत नाही आणि गडद पानाला उजळ पार्श्वभूमी मिळते. पालापाचोळ्याचं आच्छादन याच्या नेमकं उलट काम करतं. पाच सेंमीपेक्षा जाड पाला असेल तर त्याखालून बारीक बी वर येत नाही. म्हणून जिथे ही झाडं नको आहेत तिथे पाला टाकावा, हवी आहेत तिथे मुरूम. मग झाडं आपसूक उगवतात, पण कुठे उगवायचं याची रेघ आपणच आखलेली असते.

पहिल्या वर्षी बी आणून टाकावं लागतं. दहा चौरस मीटरला लाल माठाचं दोन ग्रॅम बी पुरतं, आणि तेही जास्तच होतं. एवढंसं बी हातानं सारखं पडत नाही, म्हणून ते वीसपट कोरडी वाळू आणि थोडी चाळलेली राख यांत मिसळून विस्कटावं. राखेमुळे मुंग्या कमी नेतात. वरून माती टाकू नये, हातानं किंवा फळीनं नुसतं दाबावं. वेळ म्हणजे दोन-तीन चांगले पाऊस होऊन जमीन भिजल्यावर, सहसा जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात. माठ तीन ते पाच दिवसांत वर येतो, तुळस आठ ते चौदा दिवस घेते. कोकणात आणि गोव्यात जूनचा पाऊस हे बी सरळ वाहून नेतो. तिथे उंच वाफे करावेत किंवा ट्रेमध्ये रोपं करून जुलैत लावावीत. पुढच्या वर्षांपासून तिथली आपसूक रोपं पावसाचा जोर कमी झाल्यावर, ऑगस्टअखेरीपासून दिसू लागतात; ती उशिरा आली म्हणून वाफा मोडू नये.

दाट उगवलेली रोपं आठवड्याभरात बुडाशी काळी पडून कोलमडतात. ही मर बुरशीमुळे येते आणि दाटी, साचलेलं पाणी, ढगाळ हवा हे तिचं खाद्य. औषधापेक्षा विरळणी जास्त कामाची. रोपं पाच सेंमीची झाली की पहिली आणि वीतभर झाली की दुसरी. ओल्या जमिनीतून दोन बोटांनी अलगद उपटता येतात. शेवटी लाल माठाला चाळीस सेंमी, उंच राजगिऱ्याला साठ, तुळशीला पंचेचाळीस, कोंबड्याला तीस सेंमी अंतर राहील असं बघावं. सारखं अंतर ठेवण्याचा हट्ट नको. तीन झाडं जवळ, मग मोकळी जागा, मग एकटं एक, अशी ठेवण डोळ्याला बरी वाटते. विरळणीतला माठ अर्थातच भाजीचा आहे, फक्त त्या वाफ्यावर कीटकनाशक मारलेलं नसावं.

लाल माठ आणि लाल राजगिरा यांत लोकांची गल्लत होते. लाल माठ गुडघा ते कंबरेएवढा, त्याची फुलं पानांच्या बगलेत गुच्छांनी येतात आणि शोभा पानाची. राजगिरा पुरुषभर वाढतो आणि त्याचा तुरा हीच शोभा. बागेच्या कडेला माठ आणि मागे राजगिरा बरा. दिवस लहान होऊ लागले की माठ फुलतो, त्यामुळे जूनमध्ये उगवलेला मोठा होऊन फुलतो, सप्टेंबरात उगवलेला गुडघ्यालाच फुलतो. राजगिऱ्याच्या एका मोठ्या झाडाचं बी लाखाच्या घरात जाऊ शकतं. दहा चौरस मीटरला दोन किंवा तीन तुरे पिकू द्यावेत, बाकीचे बी काळं पडण्याआधी कापावेत. नाहीतर पुढचा जून नुसत्या विरळणीत जातो. पानं जाळीनं गुंडाळणारी अळी ऑगस्टमध्ये येते. गुंडाळलेलं पान अळीसकट तोडणं पुरतं. पानाखाली पांढरे फोड दिसले तर तो पांढरा तांबेरा. ती पानं काढून टाकावीत आणि संध्याकाळी वरून पाणी मारणं बंद करावं. भरल्या अंगाचं झाड अचानक मध्येच मोडलं तर देठ चिरून बघा, आत सोंडकिड्याची अळी सापडेल. असं झाड वाफ्यात ठेवू नये.

कृष्ण तुळशीबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण ती घराघरात आहे आणि तरीही तिचा काळा रंग पिढीगणिक फिका होत गेल्याची तक्रार ऐकू येते. कारण साधं आहे. अंगणात राम तुळस आणि कृष्ण तुळस शेजारी असतात, मधमाश्या दोन्हींवर फिरतात, बी भेसळीचं होतं आणि हिरवट रोपं उगवतात. ती फुलावर येण्याआधी काढून दुसरीकडे लावली, तरच पुढचं बी शुद्ध राहतं. तुळस उपटून टाकायला कुणाचा हात धजत नाही हे खरं. त्यासाठी चार ते सहा पानांवर असतानाच रोपं उचलावीत, संध्याकाळी कुंडीत लावून आठ-दहा दिवस सावलीत ठेवावीत आणि देऊन टाकावीत. दुसरी सवय मंजिऱ्या खुडण्याची. खुडल्यानं झाड पालेदार राहतं आणि जास्त जगतं, पण सगळ्याच खुडल्या तर बी कुठून येणार? ऑक्टोबरपासून तीन-चार फांद्यांच्या मंजिऱ्या राखाव्यात. तुळशीच्या लग्नाच्या सुमारास त्या खालून तपकिरी होऊ लागतात. अर्धी मंजिरी वाळली की बी तयार. प्रत्येक फुलाच्या वाळक्या पेल्यात जास्तीत जास्त चार दाणे असतात. पानं आकसून वाळू लागली आणि खाली काळे ठिपके दिसले तर जाळीदार पंखांचा बारीक ढेकूण लागलाय असं समजावं. त्या फांद्या छाटून, लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि किंचित साबण घालून पानांच्या खालून फवारावं.

तांबडा एरंड बागेत जितका देखणा तितकाच जोखमीचा. त्याच्या बियांत रिसिन हे जहाल विष असतं. लहान मुलं खेळतात अशा सोसायटीत, शाळेत किंवा कुत्री मोकळी फिरतात तिथे तो लावूच नये. इतरत्र लावला तर तीस-चाळीस चौरस मीटरला एकच, कडेपासून दीड मीटर आत. त्याच्या तुऱ्यात मादी फुलं वर आणि नर फुलं खाली असतात, त्यामुळे लाल केसाळ गोंडे दिसू लागले की तुऱ्याचा वरचा भाग छाटला की बी धरत नाही. बी हवंच असेल तर एका तुऱ्यावर पाच-सहा बोंडं ठेवून पातळ कापड बांधावं. वाळलेलं बोंड भर उन्हात तडकतं आणि बी काही मीटर लांब उडवतं. त्याचं रोप मोठं झाल्यावर हलवता येत नाही, सोटमूळ तुटतं.

मेपलसारख्या तांबूस-काळ्या पानांची जास्वंद (पुढे तिला तांबडी जास्वंद म्हटलं आहे) नर्सरीत हल्ली सहज मिळते. ती आपल्या अंबाडीची आफ्रिकेतली बहीण, पानं तशीच आंबट. जुलैत आणि पुन्हा ऑगस्टमध्ये शेंडा खुडला नाही तर ती एकाच काठीसारखी वाढून वाऱ्यात मोडते. फुलं दिवस लहान झाल्यावरच येतात, म्हणून दिवाळीत उपटली तर फूलही नाही आणि बीही नाही. रंगीबेरंगी पानांचा कोलियस ओलसर, अर्धवट सावलीत विटांच्या फटींतून आपोआप उगवतो, पण त्याची रोपं आईसारखी नसतात. गडद तेवढी ठेवत गेलं तर तीन-चार वर्षांत स्वतःचा वाण तयार होतो.

रंग का उडतो, याचं उत्तर झाडाच्या कुळाप्रमाणे बदलतं. माठ, राजगिरा, कोंबडा यांचा लाल रंग बीटरूटच्याच गटातला, बीटालेन. माठाची भाजी शिजवताना पाणी लाल होतं ते यामुळेच. हा रंग कडक उन्हात टिकतो. तुळस, एरंड, तांबडी जास्वंद, कोलियस यांचा रंग अँथोसायनिनचा. निसर्गात ही दोन रंगद्रव्यं एकाच झाडात कधी सापडत नाहीत. अँथोसायनिन थंडीत आणि स्वच्छ उन्हात गडद होतं, तीव्र उष्म्यात फिकं पडतं. त्यामुळे मे महिन्यात हिरवट झालेली कृष्ण तुळस बिघडलेली नसते, डिसेंबरात तीच काळीभोर होते. मेच्या रंगावर विसंबून ती काढून टाकू नये. दोन्ही गटांना दिवसातून पाच-सहा तास थेट ऊन लागतं, कोलियस तेवढा अपवाद.

बागेत गडद पानांचा वाटा एक तृतीयांशाच्या वर जाऊ देऊ नये. सगळंच काळं झालं की वाफ्यात खड्डा पडल्यासारखा दिसतो. त्यांच्या शेजारी फिकट पोपटी गवती चहा किंवा वाळा, पावसाळ्यात गुलाबी तेरडा, हिवाळ्यात करडा दवणा. तेरडाही स्वतःचं बी स्वतः उडवतो, त्यामुळे ही जोडी वर्षानुवर्षं टिकते. जागा अशी निवडावी की मावळतीचं ऊन बघणाऱ्याच्या समोरून, पानांच्या आरपार येईल. लाल माठाचं पान त्या वेळी पेटल्यासारखं दिसतं, आणि तेच पान दुपारी बारा वाजता मळकट वाटतं.

एक गोष्ट ठामपणे सांगायची आहे. बी भरभरून टाकणारं शोभेचं झाड कुंपणाबाहेर गेलं की तण होतं. पुण्याभोवतीच्या टेकड्यांवर आणि रस्त्यांच्या कडेला पसरलेला पिवळा-केशरी कॉसमॉस बागेतूनच गेलेला आहे. जून आला की बीजगोळे बनवून टेकड्यांवर फेकण्याचे कार्यक्रम होतात. त्यांत कोंबडा, एरंड, तांबडी जास्वंद यांचं बी कधीही घालू नये. सड्यांच्या, पठारांच्या, जंगलाच्या कडेला ज्यांची घरं आहेत त्यांनी तर यातली परदेशी झाडं टाळून कृष्ण तुळस आणि माठ एवढ्यावरच समाधान मानावं. छाटलेले तुरे ओढ्यात किंवा मोकळ्या जागी टाकू नयेत. लाल पानांची उंच अल्टरनँथेरा ओलसर जागी फार पसरते, ती लावूच नये हे बरं. नर्सरीच्या कुंडीतून गडद पानांची आंबुशीही न बोलावता येते. रंग छान म्हणून लोक ती ठेवतात, पण तिची शेंग चिमटीतून निसटल्यासारखी बी उडवते आणि जमिनीलगतच्या दांड्या जागोजागी मुळं धरतात. कुंडी आणली की वरची दोन सेंमी माती काढून टाकावी.

आता दिवाळीचा प्रश्न. विस्कटलेली झाडं सणात बरी दिसत नाहीत, हे मान्य. त्यावर तोडगा असा की वाटेलगतची झाडं जमिनीपासून कापून टाकावीत, उपटू नयेत, आणि वाफ्याच्या मधली दर दहा चौरस मीटरला चार-पाच निवडक झाडं काठीला बांधून सरळ उभी ठेवावीत. निवड करताना सर्वांत मोठं झाड न बघता सर्वांत गडद आणि उशिरा फुललेलं झाड निवडावं. लवकर फुलणाऱ्याचं बी घेत राहिलं तर दरवर्षी झाड बुटकं होत जातं. कापलेले अर्धवट पिकलेले तुरे कंपोस्टच्या ढिगात घालू नयेत. घरगुती ढीग बी मरण्याइतका तापत नाही आणि मग ते खतातून सगळ्या कुंड्यांत पोचतं. उभ्या ठेवलेल्या तुऱ्यांवर चिमण्या येतील, त्यांच्या वाट्याचं त्यांना जाऊ द्यावं, तरीही पुरेसं उरतं. डिसेंबरअखेर तुरा तळहातावर झटकून बघायचा. काळे चकचकीत दाणे सहज पडले की झाड कापून वाफ्यावरच दोनदा आपटायचं. थोडं बी घरी ठेवावं, कारण एखाद्या वर्षी जूनचा पाऊस पहिली उगवण बुडवतो आणि जुलैत पुन्हा बी टाकावं लागतं. ते सावलीत चार-पाच दिवस वाळवून कागदी पाकिटात घालावं आणि पाकीट घट्ट झाकणाच्या बरणीत, तळाशी भाजलेले तांदूळ टाकून ठेवावं. माठाचं बी असं चार-पाच वर्षं चांगलं राहतं, तुळशीचं दोन-तीन.

महापालिकांच्या आणि मोठ्या सोसायट्यांच्या उद्यान समित्यांना एक विनंती. माळीकामाच्या करारात ‘हंगामी वाफे दिवाळीपूर्वी रिकामे करणे’ असं कलम असेल तर त्यात ‘बी धरलेले निवडक वाफे वगळून’ एवढे शब्द घालावेत, आणि त्या वाफ्यांवर लाल रंगाची खुंटी ठोकावी. खुंटी नसेल तर समितीचा निर्णय माळ्यापर्यंत पोचत नाही आणि वाफा खणला जातो.

ज्यांच्या बागेत या वर्षी एकही गडद झाड नाही, त्यांनी पुढच्या जूनची वाट बघण्याची गरज नाही. भाजीच्या बियाण्याच्या दुकानातून लाल माठाचं सर्वांत लहान पाकीट आणावं आणि ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात चिमूटभर बी वाफ्याच्या उन्हाच्या बाजूला टाकावं. पाऊस नसेल तर पहिले दहा दिवस रोज झारीनं हलकं पाणी द्यावं लागेल. दिवस लहान असल्यामुळे झाडं गुडघ्यालाच फुलतील. जानेवारीत त्यांचं बी गळेल, पुढचे चार महिने ते कोरड्या मुरमात पडून राहील आणि जूनच्या पावसानंतर आठवड्याभरात लाल कोंब दिसू लागतील.

आपला,
उद्यानविद्येचा एक अभ्यासक, पुणे